टायरचा पिवळा दिवा: हवा कमी झालीय की सेन्सर गेलाय?

घोड्याच्या नालासारखं चित्र, मधे उद्गारचिन्ह, पिवळा रंग. हा दिवा डॅशबोर्डवर पेटला की लोकांचे सरळ दोन गट पडतात. एक गट म्हणतो हवा कमी असेल, भरून टाकू. दुसरा म्हणतो काही नाही रे, सेन्सर खराब झालाय, दुर्लक्ष कर. गंमत म्हणजे दोन्ही गट अंदाजपंचे बोलत असतात, कारण दिवा एकच आहे आणि तो दोन वेगवेगळ्या गोष्टींसाठी पेटतो. मी दोन्ही बाजूंनी फसलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुद्द्याचं. हवा कमी असेल तर दिवा सरळ पेटतो आणि पेटलेलाच राहतो. टायरच्या हवेवर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टीममध्येच बिघाड असेल, म्हणजे सेन्सरची बॅटरी संपलीय, सिग्नल येत नाहीये, असलं काही, तर गाडी चालू केल्यावर दिवा साधारण ६० ते ९० सेकंद लुकलुकतो आणि मग स्थिर पेटून राहतो. आता हे "मग स्थिर" वाचलंत ना? सगळा घोळ तिथेच आहे. दीड मिनिटानंतर दोन्ही दिवे हुबेहूब सारखे दिसतात! तुम्ही गाडी चालू केली, बेल्ट लावला, मागे बघत गाडी काढली, फोन लावला, आणि मग कधीतरी खाली नजर गेली तर तुम्हाला फक्त पेटलेला दिवा दिसणार, लुकलुकणं होऊन गेलेलं असणार. म्हणून दिवा दिसला आणि कळत नाहीये कुठला आहे, तर गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्या, बंद करा, परत चालू करा आणि दीड मिनिट नुसतं बघत बसा. चालू करताना पहिले दोन-तीन सेकंद सगळेच दिवे पेटतात, ती त्यांची हजेरी असते, ती धरू नका. काही गाड्यांत लुकलुकण्याऐवजी सरळ मेसेज येतो की टायर प्रेशर सिस्टीम तपासा, किंवा चार चाकांच्या चित्रात एका चाकापुढे आकड्याऐवजी नुसत्या आडव्या रेघा दिसतात. त्या रेघा म्हणजे त्या चाकाकडून काही कळत नाहीये, हवा शून्य आहे असं नाही. हा फरक लक्षात न घेता रेघा बघून घाबरून रस्त्यात उतरून टायरला लाथा मारणारा माणूस मी बघितलाय (मीच होतो तो).

आता माझी पहिली फजिती. आदल्या वर्षी मागच्या एका चाकाचा सेन्सर गेला होता, बदलून घेतला होता. त्यामुळे पुढच्या वेळी दिवा दिसला तेव्हा डोक्यात पक्कं की परत सेन्सरच, एक गेला म्हणजे आता बाकीचेही लागोपाठ जाणार. तीन दिवस तशीच चालवली. चौथ्या दिवशी गाडी धुताना पुढच्या डाव्या टायरच्या खाचेत एक चकचकीत ठिपका दिसला, बघतो तर खिळ्याचं डोकं, रस्त्यावर घासून घासून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. साबणाचं पाणी टाकलं तर फसफस नाही काही, दर तीन-चार सेकंदांनी एक बारीक बुडबुडा, एवढंच. हवा मोजायचा गेज लावला तर २४ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), आणि असायला हवी ३३. डोळ्यांनी टायर बघून काहीही कळत नव्हतं बरं का. हल्लीचे टायर बाजूने कडक असतात, ८-९ पीएसआय उतरली तरी बसल्यासारखे दिसत नाहीत.

आणि इथे एक गैरसमज आहे तो फार लोकांना असतो, की हा दिवा जरा हवा कमी झाली की लगेच पेटतो, नाजूक आहे, त्यामुळे एवढं काय. उलटं आहे. अमेरिकेत २००० साली टायरच्या अपघातांनंतर कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही सिस्टीम सक्तीची झाली, त्या नियमात दिवा पेटायची हद्द ठरवलेल्या हवेपेक्षा २५% कमी अशी आहे. म्हणजे ३३ चा टायर २५ च्या आसपास येईपर्यंत दिवा गप्प बसला तरी तो नियमाप्रमाणेच वागतोय. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या प्रवासी कारना सक्ती आहे आणि तिथली हद्द थोडी कडक, २०% च्या आसपास. तरी म्हणजे बघा, स्थिर दिवा पेटला याचा अर्थ हवा "जराशी" नाही, चांगलीच उतरलीय. तेवढ्या हवेवर वेगात लांब गेलं की टायरच्या बाजू सारख्या दुमडतात, तापतात, आणि टायर फुटतो तो त्या उष्णतेने.

दुसरी फजिती बरोबर उलटी. दिवा पेटला, यावेळी शहाणपणा करून लगेच हवा भरली. विझला नाही. मला वाटलं कमी भरली असेल, अजून भरली. दुसऱ्या दिवशी परत पेटलेला, परत भरली. चारही चाकं ४० च्या घरात गेली, गाडी छोट्या छोट्या खड्ड्यांवर सुद्धा दाणकन आपटायला लागली आणि दिवा जसाच्या तसा. सेन्सरची बॅटरी संपली होती. मेलेल्या सेन्सरला तुम्ही कितीही हवा घाला, तो सांगणार कोणाला? म्हणून गेजवर आकडा बरोबर आलाय आणि थोडं अंतर चालवूनही दिवा जात नाहीये, तर हात थांबवा. थोडं चालवून म्हणायचं कारण, उभ्या गाडीत सेन्सर झोपलेला असतो बॅटरी वाचवायला, चाक फिरायला लागलं की जागा होतो, त्यामुळे भरल्या भरल्या दिवा गेला नाही म्हणून लगेच त्याला नावं ठेवू नका.

किती हवा भरायची हा आकडा टायरवर बघू नका, तिथे लिहिलेला असतो तो त्या टायरची जास्तीत जास्त मर्यादा. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. आणि हवा थंड टायरला मोजायची, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असलेली किंवा दीडेक किलोमीटरच्या आतच चाललेली. चालून तापलेल्या टायरमध्ये ३-४ पीएसआय जास्तच दिसते.

यावरूनच तिसरा प्रकार सांगतो जो दोन्हींच्या मधे बसतो आणि लोकांना सगळ्यात जास्त चकवतो. थंडीत पहाटे दिवा पेटतो, दहा-पंधरा किलोमीटर गेलं की आपोआप विझतो. रोज हेच. हे बघून शंभरातले नव्वद लोक म्हणणार सेन्सर येडा झालाय. नाही हो! तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय जाते. दुपारच्या ३० अंशांत भरलेली हवा पहाटेच्या ८ अंशांत चारेक पीएसआयने कमी दिसणार, त्यात टायर आधीच जरा उतरलेला असेल तर हद्दीच्या खाली गेलाच, मग चालवून तापला की परत हद्दीच्या वर. सेन्सर अगदी खरं बोलतोय, चारही टायर गार असताना भरा, प्रकरण मिटेल. नायट्रोजन भरलाय म्हणून हे होणार नाही असंही नाही, थंडीत तोही तसाच आक्रसतो. मात्र थंडीतच पहाटे दिवा लुकलुकत असेल आणि दुपारी नसेल तर ती गोष्ट वेगळी, ती म्हातारी बॅटरी आहे, गारठ्यात तिचा जोर कमी पडतो. तीच पहाट, तोच दिवा, पण एकाला हवा पाहिजे आणि दुसऱ्याला नवा सेन्सर.

सेन्सर म्हणजे नक्की काय ते थोडक्यात. रिमच्या आत व्हॉल्व्हला जोडलेली एक छोटी डबी असते, तिच्यात प्रेशर मोजणारी चिप, रेडिओ आणि लिथियमची बॅटरी. बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं जाते आणि ती डबीत सीलबंद असते, नुसती बदलता येत नाही, अख्खा सेन्सरच बदलायचा. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा नंबर असतो आणि गाडीला तो ओळखून ठेवावा लागतो. नवा बसवला आणि गाडीला शिकवलाच नाही तर गाडी चालू केली की दिवा दर वेळी लुकलुकणारच, नवीन सेन्सरसुद्धा खराब निघाला म्हणून भांडण करायच्या आधी एवढं विचारून घ्या. दुसरं, रेडिओची फ्रिक्वेन्सी, कुठे ३१५ मेगाहर्ट्झ तर कुठे ४३३. दिसायला डबी सारखीच, व्हॉल्व्हही सारखा, पण चुकीची आली तर गाडीला ती ऐकूच येत नाही. मागवताना हे नक्की बघा.

आता एक असा घोळ जो दोन्ही बाजूंना बसतो. चाकं पुढची मागे, मागची पुढे केली आणि काही गाड्यांत जागा परत शिकवल्या नाहीत, तर स्क्रीन सांगते पुढचं उजवं कमी आणि खरं कमी असतं मागचं उजवं. माणूस पुढच्यात भरत बसतो, आकडा हलत नाही, निष्कर्ष काय तर सेन्सर गेला. सेन्सर ठणठणीत आहे, फक्त पत्ता चुकलाय. म्हणून स्क्रीन एक चाक दाखवत असली तरी गेज चारही चाकांना लावायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

बरं, काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच! एबीएसला (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकाचा वेग कळतो, त्यावरूनच ती अंदाज काढते. हवा उतरली की चाकाची उंची किंचित कमी होते, मग तेवढंच अंतर कापायला ते जरा जास्त फिरतं, आणि गाडी ओळखते की हे चाक बाकीच्यांपेक्षा वेगळं वागतंय. तुमच्या गाडीत पीएसआयचा आकडा कधीच दिसत नाही आणि मेनूमध्ये रीसेटचं बटण आहे, तर बहुधा हाच प्रकार. इथे "सेन्सर गेला" याचा अर्थच बदलतो, बिघाड निघाला तर एबीएसच्या बाजूला निघणार आणि बऱ्याचदा एबीएसचा दिवाही सोबत पेटतो. आणि हे रीसेट म्हणजे दिवा विझवायचं बटण नाहीये, हे मला ओरडून सांगावंसं वाटतं. ते दाबणं म्हणजे गाडीला सांगणं की आत्ताची हवा हीच बरोबर. उतरलेल्या टायरवर दाबलंत तर ती उतरलेली हवाच नॉर्मल म्हणून शिकेल आणि पुढे गप्प बसेल. आधी गेज, मग हवा, मग रीसेट. चारही टायर महिनोन्महिने सारखेच उतरत गेले तर या प्रकारातल्या जुन्या सिस्टीम्सना पत्ताच लागत नाही, कारण तुलना करायला वेगळं वागणारं चाकच नसतं.

व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसवायचे बाहेरचे सेन्सरही मिळतात, सोबत एक छोटी स्क्रीन. ठीक आहेत, पण हवा हळूहळू जातेय आणि पंक्चर सापडत नाहीये तर आधी तीच टोपी काढून चोवीस तास बघा, नीट आवळलेली नसेल तर ती व्हॉल्व्हची पिन दाबून ठेवते आणि कडेने हवा सोडत बसते. तेव्हा सेन्सरही खराब आणि हवाही कमी, आणि आपण शोधत बसतो दोन्हींपैकी एक. आतल्या सेन्सरच्या धातूच्या व्हॉल्व्हलाही असंच होतं, गंज धरला की तिथूनच गळतं, साबणाचं पाणी व्हॉल्व्हच्या बुडाशीही टाकून बघा. पंक्चरचं लिक्विड टायरमध्ये घातलं असेल तर तेही टायरवाल्याला सांगा, त्याने सेन्सरचं बारीक भोक बुजतं आणि मग आकडा एकाच जागी अडकून बसतो.

लुकलुकणारा दिवा घेऊन गाडी चालवता येते का? येते. पण तेवढे दिवस पहारेकरी झोपलेला आहे, खिळा घुसला तरी तुम्हाला कोणी सांगणार नाही, कारण दिवा आधीच पेटलेला आहे, तो अजून काय पेटणार. म्हणून सेन्सर बदलेपर्यंत मी गेज डिकीतून काढून दाराच्या कप्प्यात ठेवला होता आणि आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी काढायच्या आधी, चारही चाकांना लावत होतो. पाचवं चाक मात्र विसरलो. स्टेपनीत १८ निघाली.