अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बसवताय? आधी अर्थचा बोल्ट बघा

आमच्याकडून अ‍ॅम्प नेऊन घरच्या घरी गाडीत बसवणारे ग्राहक बरेच आहेत आणि त्यातले कित्येक जण आमच्या पोरांपेक्षा नीटनेटकं काम करतात. तरीही "अ‍ॅम्प खराब निघाला" म्हणून जे डबे परत येतात, ते टेबलावर जोडले की बहुतेक वेळा ठणठणीत वाजतात. दोष डिकीतल्या एका बोल्टखाली सापडतो, जिथे अर्थची, म्हणजे निगेटिव्हची, वायर गाडीच्या पत्र्याला आवळलेली असते. काउंटरवर रोज तेच सांगून घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवलं.

एक गृहस्थ तीन वेळा आले. ऐकायला बसलं की शिट्टीसारखा आवाज, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढायची. बास जोरात लागला की प्रोटेक्टचा (बचावाचा) लाल दिवा लागून अ‍ॅम्प बंद. आरसीए केबल (स्टिरिओतून आवाजाचा सिग्नल आणणारी) बदलून झाली होती, फिल्टर लावून झाला होता. शेवटी गाडीच बोलावली. अर्थचा बोल्ट काढला तर लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) फिकट राखाडी प्रायमरचं गोल कडं शाबूत! वरचा रंग खरवडला होता, प्रायमर तसाच. संपर्क काय तो बोल्टच्या आट्यांतून. पॉलिश पेपर मारून पत्रा रुपयाएवढा चकचकीत केला, लग पुन्हा आवळला आणि शिट्टी गेली.

"पण मीटर तर शून्य ओहम दाखवत होता," हे त्यांचं म्हणणं. खरंच दाखवत असेल. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ते ०.५ ओहम भरतो, त्याला ०.०५ ओहम काय दिसणार? आणि बिघाडाला तेवढाच पुरतो. ५०० वॅट आरएमएसचा (सतत देता येणारी ताकद) क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प, कार्यक्षमता ८० टक्के, व्होल्टेज १३.८ धरलं तर पूर्ण जोरात तो साधारण ४५ अँपिअर ओढतो. ४५ गुणिले ०.०५ म्हणजे सव्वादोन व्होल्ट त्या एका जोडातच गेले. अ‍ॅम्पला उरले साडेअकरा. शिवाय अर्थकडून वाट नीट मिळाली नाही की परतीचा थोडा करंट आरसीए केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीतून स्टिरिओकडे पळतो. अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) शिट्टी तिथूनच गाण्यात शिरते.

म्हणून ओहम मोजू नका, व्होल्ट मोजा. इंजिन चालू, बास जोरात, मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक अ‍ॅम्पच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. आकडा ०.२ च्या आत असला तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अ‍ॅम्प खोलून आणायची घाई करू नका, बोल्ट खोला.

अर्थची जागा अ‍ॅम्पची जागा ठरवण्याआधीच शोधा. लोक नेमकं उलटं करतात: अ‍ॅम्प देखणा दिसेल तिथे बसवतात आणि मग अर्थला बोल्ट शोधत फिरतात. अर्थची वायर अर्ध्या मीटरच्या आत हवी, जाडी पॉझिटिव्हइतकीच. बॉडीला वेल्डिंग केलेला पत्रा निवडा. सीट बेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही. तो जिवाचा बोल्ट आहे, आवाजाचा नव्हे. नवीन भोक पाडणार असाल तर आधी गाडीखाली डोकावून पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप कुठून गेलेत ते बघा. लग आवळल्यावर वरून थोडं ग्रीस लावा, उघडा पत्रा गंजत नाही.

आता वायर. डब्यावरचा मोठा आकडा पीकचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा असतो, हिशेब आरएमएसवर करा. अ‍ॅम्प क्लास एबी असेल तर कार्यक्षमता ५० टक्केच धरा, म्हणजे त्याच ५०० वॅटला ७२ अँपिअर. बॅटरी ते डिकी ५ मीटर वायर आणि ४५ अँपिअर धरले, तर ८ गेजच्या तांब्यात सुमारे अर्धा व्होल्ट जातो, ४ गेजमध्ये ०.२ पेक्षा कमी. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड, हे विसरू नका.

तयार पाकिटातले वायर किट आम्ही ठेवत नाही, त्यावरून बोलणीही खातो. त्यातल्या बऱ्याच वायरींत बाहेर जाडजूड प्लास्टिक आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम निघतं. रेझिस्टन्स तांब्याच्या सुमारे दीडपट. तार ब्लेडने खरवडा, तांबडा थर जाऊन आत रुपेरी दिसलं की समजा. आम्ही तांब्याची केबल मीटरवर कापून देतो आणि आमच्याकडून घेतलीत तर दोन्ही टोकांना लग दाबून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पक्कडीने चेपलेला लग हाही एक खराब जोडच असतो.

मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तो अ‍ॅम्पसाठी नसून वायरसाठी असतो. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटू नये म्हणून. त्यामुळे "उडतोय, मोठा टाका" हा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घाला, आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. आरसीए पॉवर वायरच्या दुसऱ्या बाजूने न्या. रिमोटची (स्टिरिओबरोबर अ‍ॅम्प चालू-बंद करणारी) बारीक वायर स्टिरिओलाच जोडा, थेट बॅटरीला जोडलीत तर सकाळी गाडी सुरू होणार नाही.

गेनबद्दल (स्टिरिओचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) एवढंच, की तो व्हॉल्यूमचा खटका नव्हे. शून्यापासून सुरू करा आणि आवाज फाटायच्या आधी थांबा. ४ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की २ ओहम होतात. तुमचा अ‍ॅम्प २ ओहमला चालतो का, ते आधी विचारा.

परत आणलेला अ‍ॅम्प आम्ही लगेच बदलून देत नाही, आधी अर्धा तास टेबलावर वाजवतो. काहींना राग येतो. पण अर्थ तसाच ठेवून नवा डबा नेलात तर तुमची आणखी एक सुट्टी त्यातच जाणार.

खरेदीला येताना तीन गोष्टी आणा: बॅटरीपासून अ‍ॅम्पच्या जागेपर्यंतची लांबी (वळणं धरून), स्पीकरचे ओहम आणि आरएमएस, आणि अर्थच्या जागेचा फोटो. नसतील तर गाडीच घेऊन या, मोजायची टेप आमच्याकडे आहे.