शालेय विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय-शिक्षण आणि ग्रंथप्रदर्शने (नागपूर)

शाळकरी मुलांना ग्रंथालय स्वतःहून वापरता यावे, म्हणजे हवे ते पुस्तक शोधता यावे, घरी नेता यावे आणि ऐकलेली गोष्ट पुस्तकात पडताळून पाहता यावी, यासाठी ग्रंथालये जे वर्ग, भेटी, वाचनतास व प्रदर्शने आखतात त्यांना मिळून ग्रंथालय-शिक्षण म्हणतात. मराठीत पुस्तकविक्रीच्या मांडणीलाही ‘ग्रंथप्रदर्शन’ म्हणण्याची रीत आहे. या नोंदीतले प्रदर्शन मुख्यतः त्याहून वेगळ्या प्रकारचे आहे : ग्रंथालयाने आपल्याच संग्रहातून, एखादा विषय धरून, मुलांसमोर मांडलेले.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, ही त्यांतली दोन या विषयाचा पाया आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. शाळांपुरते पाहिले तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके, विषयवार पुस्तके व गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात अनेक शाळांचे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले कुलूपबंद कपाट असते, आणि म्हणूनच बाहेरच्या ग्रंथालयाची भेट ही चैन राहत नाही, गरज होते.

नागपुरात या कामाला लागणारे बळ आहे. 1923 मध्ये स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ, त्याच वर्षी सुरू झालेले नागपूर विद्यापीठ, शासकीय विभागीय ग्रंथालय, महाल-बर्डी भागांतली जुनी वाचनालये आणि महानगरपालिकेची वस्त्यावस्त्यांतली वाचनालये, असा मोठा पसारा शहरात आहे. पण गेल्या काही वर्षांत वाचनालयांच्या खोल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांनी भरून गेल्या. तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या तरुणांची गरज खरी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र अभ्यासिकेला शांतता लागते आणि मुले बोलतात. जागा एकच असली की बालविभाग मागे सरकतो आणि शेवटी एका रॅकपुरता उरतो. ज्या वाचनालयाने आठवड्यातले दोन तास तरी फक्त मुलांसाठी राखून ठेवले, तिथेच पुढचे सगळे शक्य होते.

भेटीचा सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे पुस्तक शोधण्याचा खेळ. दशांश वर्गीकरण, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन त्या क्रमाने पुस्तके लावण्याची पद्धत, 1876 पासून चालत आलेले आहे. ग्रंथपालाने ते फळ्यावर समजावले तर पाच मिनिटांत मुले कंटाळतात. त्याऐवजी हातात चिठ्ठी द्यावी. वाघ हा नागपूरच्या मुलाच्या जिव्हाळ्याचा विषय. पेंच आणि ताडोबा त्याने पाहिलेले नसले तरी ऐकलेले असतात. ‘वाघ शोधा’ एवढेच चिठ्ठीत लिहावे. सस्तन प्राणी म्हणून वाघ 599 मध्ये सापडतो, जंगलातल्या भटकंतीचे पुस्तक 915 मध्ये आणि वाघाची मराठी गोष्ट 891.46 मध्ये. एकच वाघ तीन ठिकाणी का, हा प्रश्न मूल स्वतः विचारते, आणि पुस्तके विषयाप्रमाणेच नव्हे, तर त्या विषयाकडे पाहण्याच्या दृष्टीप्रमाणे लागतात हे त्याला कुणी न सांगता कळते. यासाठी अट एकच : मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक घेणे. कपाटाला कुलूप असेल आणि पुस्तक चिठ्ठी देऊन मागवावे लागत असेल, तर हा खेळ होत नाही.

प्रदर्शनाच्या बाबतीत नागपूरकरांना नवखे म्हणता येणार नाही. 1863 पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, इथल्या पिढ्यान्पिढ्यांनी शाळेच्या रांगेतून पाहिला आहे. ग्रंथप्रदर्शन मात्र त्याहून वेगळे असावे लागते. मूर्ती पाहून कळते, पुस्तक पाहून कळत नाही. ते उघडावे लागते. काचेच्या पेटीत मिटलेले पुस्तक ठेवून वर पाटी लावणे हे प्रदर्शन मुलांच्या काहीच कामाचे नाही. दुर्मीळ प्रत पेटीत असावी, तिच्या दोन-चार पानांच्या मोठ्या छायाप्रती शेजारच्या टेबलावर हाताळायला असाव्यात, आणि त्याच विषयाची घरी नेता येणारी दहा-वीस पुस्तके हाताशी असावीत. पेटीची उंची सहावीतल्या मुलाच्या डोळ्यांना धरून ठरवावी. पाटी चार ओळींहून मोठी नको, आणि ती मराठीबरोबर हिंदीतही असावी, शक्य तिथे उर्दूतही. महापालिकेच्या शाळा या तिन्ही माध्यमांच्या आहेत.

विषयांची या शहरात वाण नाही. 1956 हे एकच वर्ष घेतले तरी पुरे. 14 ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत नागपूरचे राजधानीपण गेले. त्याआधीचा मध्यप्रांताचा नकाशा आणि आजचा महाराष्ट्राचा नकाशा शेजारी लावले, की जबलपूर आणि नागपूर एका राज्यात कसे होते, हे विचारत मुले थांबतात. शून्य मैलाचा दगड आणि भारताची त्रिकोणमितीय मोजणी, गोंड राजवट, शाळाशाळांतली जुनी हस्तलिखित वार्षिके, 1971 पासून बालभारती काढत असलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, हे सगळे स्थानिक ग्रंथालयांना पेलणारे विषय आहेत. हस्तलिखितांचा एक जास्तीचा फायदा असा, की ते पाहून परतलेला वर्ग स्वतःचा अंक काढायला बसतो.

जुने कागद मांडताना इथल्या हवेचे भान ठेवावे लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाने कागद ठिसूळ होतो, तर कूलरची दमट हवा थेट पेटीवर आली की बुरशी धरते. म्हणून पेटी कूलरच्या झोतात किंवा खिडकीसमोर नसावी. मूळ कागदावरचा प्रकाश सुमारे 50 लक्सपेक्षा जास्त नसावा असा जगभरचा दंडक आहे. वाळवी आणि कसर यांसाठी पेट्या आधी रिकाम्या करून तपासाव्यात.

नागपुरातले सर्वांत मोठे ग्रंथप्रदर्शन मात्र कुठल्याही ग्रंथालयाने भरवलेले नसते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांतून लाखोंच्या गर्दीतली कुटुंबे पुस्तके विकत घेऊन जातात. पुस्तकांसाठी ‘राजगृह’ हे घर बांधणाऱ्या बाबासाहेबांना वंदन करायला आलेली ही माणसे मुलाला कडेवर घेऊन पुस्तक निवडतात. शाळेबाहेरचे एवढे मोठे ग्रंथालय-शिक्षण शहरात दुसरे नाही, आणि ग्रंथालयांनी ते आपल्या कार्यक्रमांशी जोडून घ्यायला हवे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, 15 ऑक्टोबरला, राज्यभर वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. तोही याच दिवसांत येतो. ग्रंथालय संचालनालयाच्या जिल्हा ग्रंथोत्सवात ग्रंथदिंडीत मुले पुढे असतात खरी, पण दिंडी संपल्यावर त्यांना रांगेने परत नेले जाते. पालखीतल्या ग्रंथापाशी थांबायला तास-दोन तास त्यांना मिळायला हवेत.

भेट यशस्वी झाली की नाही, हे हजेरीपटावरून कळत नाही. भेटीनंतरच्या महिन्यात त्या वर्गातली किती मुले पालकांना घेऊन सभासद व्हायला आली, हे देवघेवीच्या नोंदवहीत दिसते. येथे अडते ते अनामत रकमेवर. रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांना शंभर-दोनशे रुपये अडकवून ठेवणे जड जाते. अशा मुलांसाठी शाळेच्या जामिनावर कार्ड देणे किंवा चाळीस पुस्तकांची पेटी महिन्याच्या बोलीवर वर्गातच ठेवणे हा मार्ग सोपा आहे. पुस्तके फाटतील, दोन-चार हरवतील, ते धरूनच चालावे.

वेळापत्रकाची गोष्ट विदर्भात वेगळी आहे. 23 एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन सकाळच्या शाळेत आणि परीक्षांत बुडतो, आणि उन्हामुळे इथल्या शाळा उर्वरित राज्यानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे भेटी आणि प्रदर्शने दिवाळीनंतर ते जानेवारी या काळात ठेवावीत. उन्हाळ्यात बालविभाग सकाळी सात ते दहा उघडा ठेवावा आणि एका कार्डावर पाच पुस्तके द्यावीत, परतीची तारीख शाळा उघडण्याच्या दिवसाची.