जुन्या पिकअपचं ॲव्हरेज: गाडी आमच्याकडे आणण्याआधी एवढं वाचा

नमस्कार.

"गाडी फार डिझेल खाते हो," ही तक्रार घेऊन आमच्या गॅरेजमध्ये दर आठवड्याला कुणी ना कुणी येतं. कुणी पहाटे इंदूरच्या चोइथराम मंडीत भाजी उतरवणारे, कुणी सांवेर रोडच्या कारखान्यांतून माल उचलणारे, कुणी महूकडून बटाटा आणणारे. गाडी दोन-तीन लाख किलोमीटर पळालेली असते आणि वाटेत कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, "पंप-नोझल करून घे," नाहीतर "इंजिनच बसलंय." तुमचा पैसा वाचावा म्हणून हे पत्रक काढलं आहे. इंजिनात डिझेल सोडणाऱ्या या पंप-नोझलला हात लावण्याआधी ज्या गोष्टींना पैसे लागत नाहीत किंवा अगदी थोडे लागतात, त्या बघून घ्या. इंजिन खोलायची पाळी बऱ्याच गाड्यांवर येतच नाही.

आधी नीट मोजा

हजाराचं डिझेल टाकलं आणि काटा किती खाली आला ते पाहिलं, याला मोजणं म्हणत नाहीत. एकाच पेट्रोल पंपावर, जमलं तर त्याच नोझलनं, आपोआप कट होईपर्यंत टाकी भरा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. तीन-चारशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर पुन्हा कट होईपर्यंत भरा. समजा ४१८ किलोमीटर झाले आणि ३८ लिटर बसलं, तर ॲव्हरेज ११. असं सलग तीन वेळा करा, म्हणजे खरा आकडा हाती येतो. भरलेली खेप आणि रिकामी खेप वेगळी लिहा, नाहीतर हिशेब लागत नाही. टायरचा साइज बदलला असेल तर मीटर चुकीचे किलोमीटर दाखवतं, तेही आम्हाला सांगा. आणि मीटरच बंद असेल तर पहिलं काम त्याचं.

सकाळी गारव्यात डिझेल भरलं की जास्त मिळतं, असं खूप जण मानतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. त्यासाठी झोपमोड करू नका.

हवा आणि चाकं

हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना तपासा. पळून आलेल्या गरम टायरमध्ये हवा जास्त दिसते आणि आपण उलट ती काढून टाकतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा बहुधा वेगळा असतो, तो बघा. पुढचे टायर एका कडेनं झिजत असतील तर अलाइनमेंट गेलेलं आहे. असा टायर रस्त्यावर घासत चालतो, त्यात टायरही जातो आणि डिझेलही.

आता एक सवय सांगतो, तिला एक पैसाही लागत नाही. पंधरा-वीस किलोमीटर सपाट रस्त्यावर, ब्रेक कमीत कमी वापरत चालवून आलात की उतरा आणि प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ तळहात नेऊन बघा. थेट टेकवू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर तिथं ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग जातंय.

मागच्या हिवाळ्यात पिथमपूरच्या फेऱ्या मारणारी एक पिकअप आली होती. मालकानं दुसरीकडे नोझल बदलून घेतले होते, तरी ॲव्हरेज वर यायला तयार नव्हतं. आम्ही गाडी जॅकवर घेतली आणि मागचं डावं चाक हातानं फिरवलं. पाऊण फेरा झाला आणि चाक थांबलं. ब्रेकचा ड्रम काढला तर आतून निळे डाग पडलेले, ब्रेक लायनर काचेसारखा चकचकीत. हँडब्रेकची केबल तिच्या नळीत गंजून अडकली होती. लिव्हर खाली केला तरी ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. म्हणजे ती गाडी कित्येक महिने अर्धा हँडब्रेक लावून पिथमपूरला जात-येत होती. केबल आणि लायनर बदलले, आणि पुढच्या तीन टाक्यांत ॲव्हरेज एक-सव्वा किलोमीटरनं वर आलं. नोझलचे पैसे मात्र गेले ते गेले. तेव्हापासून ॲव्हरेजची तक्रार असलेली प्रत्येक गाडी आम्ही आधी जॅकवर घेतो.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

आपल्याकडे उन्हाळा कडक. एकदा गाडी गरम झाली की कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकतो, "आता नाही तापणार." तापत नाही हे खरं. पण थर्मोस्टॅटचं कामच इंजिन साधारण ८० अंशांपर्यंत लवकर पोचवायचं आणि तिथं टिकवायचं असतं. तो नसला की इंजिन कायम थंड राहतं, ऑइल घट्ट राहतं, डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडरची झीजही वाढते. थंडीत दहा-बारा किलोमीटर चालूनही तापमानाचा काटा मधोमध येत नसेल तर थर्मोस्टॅट एक तर काढलेला आहे किंवा उघडाच अडकलेला आहे. नवा बसवायला फार खर्च नाही. गाडी तापण्याचं मूळ कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर, सैल पट्टा, पंखा किंवा पाण्याचा पंप यांत सापडतं, तिथं दुरुस्ती करून घ्या.

धूर बघा

गाडी गरम झाल्यावर चढावर लोड घेताना मागून कुणाला तरी बघायला सांगा.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय. आधी एअर फिल्टर. माळव्यात सोयाबीन आणि गव्हाच्या कापणीच्या दिवसांत धूळ आणि भुसा इतका उडतो की पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच फिल्टर भरतो. टर्बोची गाडी असेल तर इंटरकूलरचे होज, म्हणजे टर्बोची हवा थंड करून इंजिनात नेणारे रबरी पाइप, चाचपून बघा. होजला चीर असली की लोडवर फुस्स आवाज येतो, गाडीचा जोर मरतो आणि धूर निघतो. हे सगळं ठीक निघालं, तरच नोझल बेंचवर तपासायचे.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइल मोजायच्या गेज-पट्टीच्या तोंडातून धूर फेकत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. तिथं मात्र आम्ही खोटी आशा दाखवणार नाही, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून स्पष्ट सांगू.

इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर गाडी चालवू नका, आम्हाला बोलवा.

चालवण्याबद्दल

पेट्रोलियम मंत्रालयाखालची पीसीआरए ही संस्था वर्षानुवर्षं ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वेग सांगत आली आहे. बायपासवर ८० नं पळणाऱ्या उंच ताडपत्रीच्या गाडीला हवा कशी मागे ओढते, ते स्टिअरिंगवर बसणाऱ्याला ठाऊक आहे. परतताना हौदा रिकामा असेल तर ताडपत्री घडी करून ठेवा, फडफडत ठेवू नका. मंडीत माल उतरेपर्यंत इंजिन बंद ठेवा. क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय असेल तर ती सोडा, प्लेट घसरायला लागली की डिझेल जळतं पण गाडी पुढे सरकत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. मानपूरचा घाट किंवा खंडवा रोडचा भेरूघाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल तोडतो, नव्या कॉमन रेल इंजिनातही आणि जुन्या गव्हर्नरच्या पंपातही. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जातं. इंजिन बंद केलंत तर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. खाली निमाडात उतरणारा प्रत्येक ड्रायव्हर घरी परत यायला हवा.

हे घेऊ नका

डिझेलच्या पाइपवर लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, "वीस टक्के वाढ" असं छापलेल्या बाटल्या आम्ही विकत नाही. अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी संस्थेनं अशी शंभराच्या वर उपकरणं तपासली, लक्षणीय फरक पडेल असं एकही निघालं नाही. एअर फिल्टर काढून चालवणं तर धूळ थेट सिलिंडरमध्ये भरणं आहे.

गाडी आणताना

तीन टाक्यांचा हिशेब लिहिलेली वही किंवा चिठ्ठी सोबत आणा. शेवटचं ऑइल कधी आणि कोणत्या ग्रेडचं टाकलं, डिझेल फिल्टर कधी बदलला, तेही लिहा. शक्य झालं तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडून जा. थंड इंजिनचा पहिला स्टार्ट आणि थंड टायरची हवा आम्हाला सकाळी स्वतः बघायची असते. जो पार्ट बदलू, तो जुना तुमच्या हातात देऊ.