कोरड उन्हाची की गोळ्यांची?

नाशिकच्या मे महिन्यात तोंडाला कोरड पडली की आपण उन्हाला बोल लावतो. पण रात्री पाण्यासाठी उठावं लागत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल आणि रोजचीच मिसळ जिभेला झोंबू लागली असेल, तर आधी गोळ्यांचा डबा उघडून पाहा. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, नैराश्यावरची ॲमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीवरची ऑक्सिब्युटिनिन ही औषधं लाळग्रंथींपर्यंत जाणारा मज्जातंतूंचा निरोप अडवतात आणि लाळ कमी सुटते.

लाळ दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर सुटते. ती अन्नकण धुते, आम्ल शमवते, दातांना कॅल्शियम आणि फॉस्फेट परत देते. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं कठीण आवरण विरघळू लागतं. लाळ कमी असेल तर पीएच लवकर वर येत नाही. म्हणूनच अशा तोंडात कीड हिरडीलगत, मुळाशी आणि जुन्या कॅपच्या कडेला लागते. कोरड घालवायला लिंबाची गोळी चघळणं हा सगळ्यात वाईट उपाय: साखरही, आम्लही. द्राक्षांचंही तसंच. घड समोर ठेवून तासभर एकेक मणी खाण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच खा आणि ब्रश अर्ध्या तासाने करा. मधूनमधून पाण्याचा घोट घ्या, झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा. पेस्ट १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइडची घ्या. ब्रश झाल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं.

रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिनने किंवा फिटच्या फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. कीटण साचलेलं असेल तर वाढ जास्त होते, म्हणून दात साफ करून घेणं हा उपचाराचाच भाग. गोळी बदलायची का, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

निफाडच्या थंडीत दमा बळावला की स्टेरॉइडचा पंप वाढतो. औषध जिभेवर, टाळूवर राहिलं की बुरशीचे पांढरे चट्टे उठतात. प्रत्येक वेळी पंपानंतर चूळ भरून थुंका. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर तोंडात औषध कमी बसतं.

दाढ काढायची असेल तर हाडं ठिसूळ होण्यावरची ॲलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन चालू आहे का, हे दंतवैद्याला आधीच सांगा. या औषधांमुळे दाढ काढल्यावर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा.