उवैनात–गिल्फ कबीर सीमाप्रदेशाचे सर्वेक्षण

ईजिप्त, लिबिया व सुदान यांच्या सीमा जिथे मिळतात त्या निर्जल वाळवंटाचे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेले स्थलवर्णनात्मक सर्वेक्षण. येथे रेषा आधी आखली गेली आणि जमीन मागाहून मोजली गेली. 22° उत्तर अक्षवृत्त ही ईजिप्त–सुदान सीमा 1899 मध्येच ठरली, त्या रेषेवरच्या जेबेल उवैनात (1,934 मी.) या डोंगराचे स्थान मात्र 1923 मध्ये निश्चित झाले. तरी त्याला ‘शोध’ म्हणणे योग्य नाही, कारण गोरान जमातीचे लोक तेथे राहतच होते.

ते स्थान ठरवणारे ईजिप्शियन प्रवासी अहमद हसनैन उंटांच्या काफिल्यासह ईजिप्तच्या किनाऱ्यावरील सलूमहून सुदानमधील अल् उबैदपर्यंत सुमारे 3,500 किमी. गेले. थिओडोलाइट या कोन मोजण्याच्या उपकरणाने ताऱ्यांचे वेध घेत त्यांनी वाट मोजली. त्या नोंदींवरून आकडेमोड केली ईजिप्तच्या सर्वेक्षण खात्यातील जॉन बॉल यांनी. आधीच्या नकाशांवरील लिबियातील कुफ्रा मरूद्यानाची जागाही त्यातून दुरुस्त झाली. खरी अडचण रेखांशाची होती. अक्षांश ताऱ्याच्या उंचीवरून मिळतो, पण रेखांशासाठी अचूक वेळ लागते. घड्याळ 4 सेकंद चुकले तर या भागात जागा सुमारे 1.7 किमी. सरकते, आणि आठवडेच्या आठवडे उंटाच्या पाठीवर हिंदकळणारे घड्याळ नेमके किती चुकले हे तपासायला वाटेत काहीच नसे. पुढे रेडिओवरील वेळसंकेतांनी हा प्रश्न सोडवला.

मोटारी आल्यावर कामाला वेग आला. गिल्फ कबीर या विस्तीर्ण पठाराला राजपुत्र कमालुद्दीन हुसेन यांनी 1926 मध्ये नाव दिले. गाडीच्या लोखंडामुळे होकायंत्र भरकटे, म्हणून ब्रिटिश सेनाधिकारी राल्फ बॅगनॉल्ड यांनी सूर्य-होकायंत्र वापरात आणले: उभ्या सुईची सावली अंशांच्या तबकडीवर ठरल्या जागी ठेवत चालकाने गाडी हाकायची. अशा मोजणीत वाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा तेवढा भरतो, पलीकडचे कोरे राहते. ही उणीव त्रिकोणनाने (त्रिकोणांचे कोन मोजून दूरच्या जागा ठरवण्याच्या पद्धतीने) आणि 1932 पासून विमानातून केलेल्या पाहणीने कमी झाली. ईजिप्तच्या सर्वेक्षण खात्यातील पॅट्रिक क्लेटन यांचे त्रिकोणन हे माझ्या मते या साऱ्यातील सर्वांत भक्कम काम. ते चालू असतानाच, 1931 मध्ये, इटालियन फौजांनी कुफ्रा घेतल्यावर तहानेने मरणाच्या दारी पोहोचलेले निर्वासित त्यांना वाळवंटात भेटले. अनेकांचे प्राण त्यांनी वाचवले.

सुदानच्या वायव्येचा ‘सारा’ नावाचा त्रिकोणी प्रदेश 1934 मध्ये इटलीच्या ताब्यातील लिबियाकडे गेला. बॅगनॉल्ड यांनी 1940 मध्ये ब्रिटिश सैन्यासाठी लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही वाळवंटात दूरवर टेहळणी करणारी तुकडी उभारली तेव्हा क्लेटन यांनाही त्यात घेतले.