एक्सएमएलमध्ये ॲरे टाकताना मधला टॅग येतो कुठून? थोडी पार्श्वभूमी

लातूर, संभाजीनगरकडची पोरं बाजार समितीच्या पावत्यांची सॉफ्टवेअरं लिहायलेत आणि हटकून एकच गोष्ट विचारायलेत, क्लासमधल्या ॲरेचं (म्हणजे एकाच जातीच्या नोंदींच्या यादीचं) एक्सएमएल, म्हणजे कोनी कंसातल्या टॅगांनी माहिती लिहायची पद्धत, तसं केलं की मधेच एक जास्तीचा टॅग येतो, तो काढायचा कसा? हे समजायला जरा मागं जावं लागतं.

फेब्रुवारी १९९८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं एक्सएमएल १.० आणलं, ते एसजीएमएल या जुन्या कागदपत्रं-टॅगांच्या भाषेचं हलकं रूप, म्हणजे घराणं सगळं कागदपत्रांचं, तिथं परिच्छेदामागं परिच्छेद येतो, त्यामुळं ॲरे असं वेगळं काही त्यात ठेवलंच नाही. पण लोकांनी त्यातून लगेच प्रोग्रामचा डेटा पाठवायला सुरुवात केली. दुसऱ्या मशीनवरचं काम एक्सएमएलमधून मागवायच्या त्याच वर्षीच्या एक्सएमएल-आरपीसी पद्धतीनं ॲरेला खास टॅग दिला, तसल्याच कामाच्या २००० च्या सोप १.१ नं ॲरेचा प्रकार आणि लांबी ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या कंसातच) लिहायची पद्धत काढली, आणि २००४ ला वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेवांचं जुळावं म्हणून नियम काढणाऱ्या डब्ल्यूएस-आय या गटाच्या बेसिक प्रोफाइलनं ती पद्धत बादच केली. मधल्या काळात, २००१ ला, एक्सएमएल स्कीमा (कुठला टॅग कुठं, कसा यायचा याचा नियमपट) आला आणि एकच एलिमेंट, म्हणजे टॅग आणि त्यातला मजकूर, किती वेळा येऊ द्यायचं ते आकड्यानं सांगायची सोय झाली.

मग उरल्या दोन पद्धती. एक गुंडाळलेली:

<पावती><माल><नग>तूर</नग><नग>सोयाबीन</नग></माल></पावती>

दुसरी सपाट:

<पावती><माल>तूर</माल><माल>सोयाबीन</माल></पावती>

(देवनागरी टॅग एक्सएमएलला चालतात, बिनधास्त वापरा.)

२००२ च्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधल्या, डेटाचं एक्सएमएल करून देणाऱ्या एक्सएमएल-सीरियलायझरनं आपणहून गुंडाळलेली पद्धत धरली, आतल्या टॅगला टाइपचंच नाव दिलं; त्याऐवजी 'नग' पाहिजे असेल तर फील्डवर एक्सएमएल-ॲरे-आयटम ही खूण लावायची, सपाट पाहिजे तर एक्सएमएल-एलिमेंट. जावानं बरोबर उलटं केलं! २००६ च्या शेवटी जावा ६ सोबत हेच काम करणारं जॅक्सबी २.० आलं, त्यात काहीच न सांगता सपाट निघतं आणि मधला टॅग पाहिजे असेल तर एक्सएमएल-एलिमेंट-रॅपर लावावं लागतं. म्हणून एका बाजूला डॉटनेट, दुसऱ्या बाजूला जावा असली की बिनचूक कोड लिहूनही यादी रिकामी दिसते.

माझं ठाम मत, समोरच्यानं स्कीमा बांधून दिला नसेल तर मधला टॅग काढूच नका. डॉटनेटमध्ये रिकामा ॲरे असला तर <माल /> निघतं आणि नल (म्हणजे ॲरे भरलाच नाही असा) असला तर काहीच निघत नाही, म्हणजे माल आलाच नाही की माहितीच भरली नाही हे वाचणाऱ्याला कळतं, सपाट पद्धतीत दोन्ही वेळेला नुसती कोरी पावती.