मेटल डिटेक्टर, किनाऱ्यावरील सोन्यासाठी

पुळणीत हरवलेली अंगठी, कर्णफूल किंवा साखळी शोधण्याचे हातयंत्र. शेतात उत्तम चालणारे यंत्र किनाऱ्यावर निरुपयोगी ठरू शकते. खारे पाणी स्वतः विद्युतवाहक असल्याने यंत्राच्या टोकाच्या शोधचकतीचे चुंबकीय क्षेत्र ओल्या वाळूतही प्रवाह निर्माण करते आणि धातू नसताना खोटे आवाज येतात. म्हणून निवड करताना सोन्याआधी वाळू पाहावी.

कोरड्या वाळूत एकाच वारंवारतेचे व्हीएलएफ (अतिनिम्न वारंवारतेवर चालणारे) यंत्र पुरते. वारंवारता जितकी जास्त, तितका बारीक सोन्याला प्रतिसाद चांगला. पण ओल्या खाऱ्या वाळूत गोंगाटही तितकाच वाढतो. हा पेच एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रे बऱ्याच अंशी सोडवतात. मिनलॅबचे इक्विनॉक्स ८०० आणि एक्सपीचे डिअस २ ही यातली परिचित नावे. एकच यंत्र घ्यायचे असेल, तर याच प्रकारातले घेणे शहाणपणाचे.

रत्नागिरीच्या मांडवीसारख्या काळ्या, लोहयुक्त खनिजांच्या वाळूत किंवा कमरेएवढ्या पाण्यात पल्स इंडक्शन (अखंड लहरींऐवजी विजेचे छोटे झटके सोडणारे) यंत्र सरस ठरते. गॅरेटचे सी हंटर मार्क २ या जातीचे आहे. मीठ आणि खनिजे त्याला फारशी अडवत नाहीत. मात्र खिळा कोणता आणि सोने कोणते, हे ते भरवशाने सांगत नाही. जवळपास प्रत्येक आवाजाला खणावे लागते.

धातू ओळखणाऱ्या यंत्रातही एक सापळा आहे. सोन्याच्या बऱ्याच अंगठ्यांचा पडद्यावरचा धातू-ओळखीचा आकडा ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या किंवा डब्याच्या झाकणाच्या आकड्याजवळ येतो. कचरा टाळण्यासाठी आकड्यांचा तो पट्टा बंद केला की सोनेही सुटते, तेव्हा वर्ख खणण्याची तयारी हवीच. बारीक साखळी सर्वांत अवघड: यंत्राला अखंड दागिना नव्हे, सुट्या कड्या जाणवतात. अखंड, जाड अंगठी मात्र स्वच्छ वाजते.

पाण्यात उतरायचे असल्यास फक्त चकती नव्हे, नियंत्रणपेटीही जलरोधक आहे का, हे विचारून घ्यावे.

भारतात सापडलेली हरवलेली वस्तू शोधणाऱ्याची होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार ती ताब्यात घेणाऱ्यावर, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेल्या माणसाइतकीच जबाबदारी येते. जमिनीत दडवलेल्या पुरातन ठेव्यासाठी १८७८ चा निखात निधी कायदा लागू असून त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.